मंजूर तणनाशक, पण कोणत्या पिकासाठी? सोयाबीनसाठी खरीप सल्ला

तणनाशकाच्या डब्यावर नोंदणी क्रमांक दिसला की ते कोणत्याही पिकात चालते, असा समज अजून गावोगाव आहे. पेरणीच्या धावपळीत याच समजातून पिके भाजतात. कीटकनाशक कायदा, १९६८ मध्ये तणनाशकेही येतात. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती एखाद्या घटकाला मान्यता देते ती ठरावीक पीक, ठरावीक तणे, हेक्टरी मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि फवारणीची वेळ यांसह. त्या पिकात तण किती मरते, पीक किती भाजते, दाण्यात अवशेष किती राहतो, हे कंपनीला चाचण्या घेऊन दाखवावे लागते. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव नसेल, तर तुमच्या पिकासाठी हे काहीच तपासलेले नाही असे धरून चाला.

ग्लायफोसेटची मान्यता आपल्या देशात चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेपुरती आहे. कपाशीच्या ओळींत नोझलला हूड (झाकण) लावून ते मारणे त्यात बसत नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्यालाही मंजुरी नाही. अलाक्लोर एकेकाळी सोयाबीनमध्ये सर्रास वापरले जाई. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. घरात जुना डबा असेल तर तो यंदा काढू नका.

सोयाबीनसाठी लेबलवर नाव असलेले पर्याय भरपूर आहेत, त्यामुळे वेगळे काही शोधत बसण्याची गरजच नाही. पेरणीनंतर, पण उगवणीपूर्वी, पेंडिमेथॅलिन ३० टक्के ईसी (ईसी, डब्ल्यूडीजी, एससी, एसएल ही औषध कोणत्या स्वरूपात आहे ते सांगणारी लेबलवरची अक्षरे) हेक्टरी २.५ ते ३.३ लिटर किंवा डायक्लोसुलम ८४ टक्के डब्ल्यूडीजी एकरी १२.४ ग्रॅम फवारता येते. केना आणि लव्हाळा जास्त असलेल्या रानात सल्फेन्ट्राझोन ३९.६ टक्के एससी हेक्टरी ७५० मिली अधिक उपयोगी पडते. ही फवारणी पेरणीपासून ४८ तासांत उरकावी, कारण बी फुगून कोंब वर यायला लागल्यावर पिकालाच इजा होते. जमिनीत ओल हवी, ढेकळे फुटलेली हवीत. कोरड्या ढेकळांवर मारलेले पेंडिमेथॅलिन मातीवर सलग थर धरत नाही आणि उन्हात उडून जाते. मग दुकानदार किंवा कंपनीला दोष देऊन उपयोग नसतो. फवारताना मागे सरकत जावे, म्हणजे पायाने थर तुटत नाही. त्यानंतर लगेच कोळपे घालू नये.

पीक उगवल्यावर, पेरणीपासून १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते तीन पानांवर असताना, इमॅझेथापायर १० टक्के एसएल हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. फक्त गवतवर्गीय तणे असतील तर क्विझालोफॉप इथाईल ५ टक्के ईसी हेक्टरी ७५० ते १००० मिली. रुंद पानांच्या तणांवर त्याचा काही परिणाम होत नाही. केना वीतभर वाढला आणि त्याच्या कांड्यांना मुळे फुटली की यातले कोणतेही औषध पुरे पडत नाही. तेव्हा मात्रा वाढवून तण मरत नाही, सोयाबीन मात्र पिवळे पडते. अशा वेळी खुरपणीच करावी.

सगळ्यात जास्त चूक होते ती पंपाच्या हिशोबात. मात्रा एकराला ठरलेली असते, पंपाला नाही. त्यामुळे आधी एक गुंठा आखून घ्या आणि त्यावर साध्या पाण्याची नेहमीच्या चालीने फवारणी करा. ५ लिटर लागले तर एकरी २०० लिटर. १५ लिटरच्या पंपाने ते साधारण १३ पंप होतात, म्हणून इमॅझेथापायर पंपाला ३० मिली. पण पॉवर पंपाने तुम्ही एकरात १२० लिटरच फवारत असाल तर पंप होतात फक्त ८. पंपाला तेच ३० मिली टाकले तर एकरात २४० मिलीच जाते, आणि तण अर्धमेले होऊन पुन्हा फुटते. तिथे पंपाला ५० मिली हवे. फक्त लेबलवर दिलेल्या पाण्यापेक्षा फार खाली जाऊ नका. डायक्लोसुलमसारखी काही ग्रॅमची पुडी पंपापंपात चिमटीने वाटू नये. जितके पंप लागणार तितके पेले पाणी बादलीत घेऊन त्यात ती पूर्ण विरघळवा आणि ढवळत ढवळत प्रत्येक पंपात एक पेला टाका.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे सपाट पट्ट्यात फवारणारे, वापरा. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल तणनाशकाला नको. पाणी स्वच्छ हवे, नाल्याचे गढूळ नको. पाऊस दोन-तीन तासांत येईल असे वाटत असेल तर थांबा. सोबत कीटकनाशक आणि विद्राव्य खत मिसळून एकाच फेरीत काम उरकण्याची घाई करू नये. कारखान्यात तयार झालेल्या मिश्रणाची स्वतंत्र नोंदणी झालेली असते, तुमच्या टाकीतल्या मिश्रणाची नसते. रान पाण्याने तुंबलेले असताना किंवा पावसाच्या लांब खंडात पिकाला तणनाशक पचवता येत नाही. एरवी आठ-दहा दिवसांत निवळणारा पिवळेपणा मग टिकून राहतो.

सोयाबीनमध्ये तूर असेल तर लेबलवर दोन्ही पिकांची नावे पाहिजेत. एकाचेच असेल तर कोळपणी आणि खुरपणीवर भर द्या. उसावर किंवा मक्यावर टू फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप कपाशीत नेऊ नका. अगदी थोड्या अंशानेही कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी होतात. पंप, नळी आणि नोझल धुण्याच्या सोड्याने तीन वेळा धुवा. तणनाशकाला वेगळा पंप ठेवता आला तर उत्तम.

रब्बीचा विचार आत्ताच करा. इमॅझेथापायर जमिनीत रेंगाळते. त्या रानात मोहरी, बीट किंवा कोबीवर्गीय भाजी घ्यायची असेल तर लेबलवरील पुढील पिकाची सूचना वाचा. शिवाय इमॅझेथापायर आणि डायक्लोसुलम तणाच्या शरीरातील एकाच विकरावर (एन्झाइमवर) काम करतात, नावे वेगळी असली तरी. दरवर्षी हीच जोडी वापरली तर सहनशील तणच शिल्लक राहून वाढते. एका वर्षी उगवणपूर्व पेंडिमेथॅलिन किंवा सल्फेन्ट्राझोन घ्या आणि वर एक कोळपणी द्या.

खरेदी करताना डब्यावरचा रंगीत त्रिकोण माणसासाठीची विषबाधेची पातळी सांगतो, पिकासाठीची सुरक्षितता नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका. "जैविक तणनाशक" म्हणून विकली जाणारी बाटली नोंदणी क्रमांकाशिवाय असेल तर ती घेऊच नये. डब्यासोबतचे माहितीपत्रक मागून घ्या. पक्क्या बिलावर उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घ्या. रिकामा डबा आणि बिल हंगाम संपेपर्यंत सांभाळा आणि पिकाला इजा झाली तर झाडे उपटण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पाहणी करून घ्या. लेबलवर नसलेल्या पिकात वापर केला असेल तर तुमची बाजू लंगडी पडते.