वायरिंगचं काम देण्याआधी: परवाना कुणाचा, पॉइंट कशाला म्हणायचं आणि सही कोण करणार

घरातला बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलायला कायद्याने परवाना लागत नाही. मात्र अट अशी की त्या बदलाने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. नवीन लाइन ओढणं, एसीसाठी वेगळं सर्किट काढणं, डीबी (घरातल्या सगळ्या सर्किटांना वीज वाटणारी पेटी) बदलणं, भार वाढवणं ही सगळी कामं या सवलतीच्या बाहेरची आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार अशा कामाला तीन कागद लागतात: ठेकेदाराचा परवाना, देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनचा परवाना. २०१० च्या नियमांत हे होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. आयटीआयचं वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षणाचा पुरावा. ते परवाना मिळवण्यासाठी उपयोगी पडतं, पण ते स्वतः परवाना नव्हे. व्हिजिटिंग कार्डावर ‘गव्हर्नमेंट लायसेन्स्ड’ एवढंच छापलेलं असेल तर क्रमांक विचारा. मूळ परवाना हातात घेऊन त्यावरचं नाव आणि मुदत वाचा आणि कोटेशनवरच्या नावाशी पडताळा. महाराष्ट्रात शंका आली तर विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात क्रमांक दाखवून चौकशी करता येते.

यातला खरा प्रश्न वेगळाच आहे: काम करणारा आणि टेस्ट रिपोर्टवर (वायरिंगच्या चाचणीच्या अहवालावर) सही करणारा एकच आहे का? नव्या जोडणीसाठी किंवा भारवाढीसाठी वीज कंपनीकडे जाणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही आणि शिक्का असतो. काम एकाने करायचं आणि शिक्का ओळखीतल्या दुसऱ्याचा आणायचा, ही पळवाट सर्रास चालते. शिक्का मारणाऱ्याने घर पाहिलेलंही नसतं. म्हणून कोटेशनमध्येच लिहून घ्या की टेस्ट रिपोर्ट याच परवाना क्रमांकावर मिळेल आणि चाचणीची मोजणी घरमालकासमोर होईल. जो इथे कां-कूं करतो त्याचा दर कितीही कमी असला तरी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आता दर. घरगुती काम बहुतेक ‘पॉइंट’वर ठरतं, आणि भांडणं पॉइंटच्या व्याख्येवरून होतात. लाइट किंवा पंख्याचा एक पॉइंट म्हणजे स्विचबोर्डपासून त्या जागेपर्यंतचा पाइप, वायर ओढणं आणि स्विच जोडणं, एवढं सगळीकडे धरतात. बोर्डावरच असलेला ६ अँपिअरचा प्लग अनेक जण अर्धा पॉइंट धरतात. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, गिझर आणि एसी यांचे दर वेगळे. पण भिंतीला झिरी (पाइपसाठी खाच) मारणं, बॉक्स बसवणं, झिरी बुजवणं आणि डीबीपासून बोर्डापर्यंतची मुख्य लाइन कुणाच्या खात्यात? हे लिहिलेलं नसेल तर दोन कोटेशनांची तुलनाच होत नाही.

फक्त हिशेब समजण्यासाठी आकडे धरू. घरात ३० पॉइंट, ६ पॉवर पॉइंट, २ एसी आणि एक डीबी. पहिल्या ठेकेदाराचे मजुरीचे दर ₹३००, ₹४५०, ₹७०० आणि ₹२,०००, झिरी धरून: एकूण ₹१५,१००. दुसऱ्याचे ₹२५०, ₹३७५, ₹६०० आणि ₹२,०००: एकूण ₹१२,९५०. दुसरा स्वस्त वाटतो. पण त्याने झिरी ₹१२ फुटाने वेगळी लावली आणि ती ४०० फूट निघाली, तर ₹४,८०० वाढून रक्कम ₹१७,७५० होते. ठेकेदार जीएसटी लावत असेल तर त्यावर १८ टक्के आणखी. तो लावणार असेल तर जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी नसलेल्याला हा कर घेता येत नाही.

माल स्वतः आणायचा की ठेकेदाराकडून घ्यायचा, हा आवडीचा भाग. पण वायर बिलात फक्त ‘दीड, अडीच, चार’ अशी लिहिलेली चालत नाही. आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक), कंपनी, जाडी आणि कॉइलची लांबी हवी. सर्वसाधारणपणे लाइट-पंख्याला दीड चौ. मिमी, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच आणि एसी-गिझरला चार वापरतात. ९० मीटरच्या कॉइलची लबाडी घरच्या मल्टिमीटरनेही पकडता येते. दीड चौ. मिमी मऊ तांब्याच्या वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त १३.३ ओहम असतो. म्हणजे अख्ख्या कॉइलचा साधारण १.२ ओहम. अडीचच्या कॉइलचा ०.७२. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. उन्हाळ्यात पाच-सहा टक्के जास्त दिसेल, ते ठीक. दीडच्या कॉइलने पावणेदोन ओहम दाखवले तर तांबं कमी आहे किंवा ते तांबंच नाही.

सर्किटची वाटणी कोटेशनमध्ये हवी. आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर दहाहून जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटहून जास्त भार नको, आणि पॉवर सर्किटवर दोनहून जास्त सॉकेट नकोत. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे. गिझर लावल्यावर एमसीबी पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवणारा कारागीर अडीचच्या वायरला भिंतीत जळायची परवानगी देतो.

आणि सगळ्यांत जास्त फसतं ते न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरमध्ये. वायर वाचवायला दोन सर्किटांना एकच न्यूट्रल दिला जातो. रोजच्या वापरात काही कळत नाही. मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला की तो पडायला लागतो, कारण आत गेलेला आणि परतलेला करंट एकाच आरसीसीबीतून जात नाही आणि बेरीज जुळत नाही. इन्व्हर्टर लावल्यावर तर हे हमखास, कारण इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल मुख्य न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. सोपा इलाज म्हणून कारागीर आरसीसीबी बायपास करतो आणि ‘तो पीसच खराब होता’ म्हणून सांगतो. त्यामुळे ‘प्रत्येक सर्किटला स्वतंत्र न्यूट्रल, इन्व्हर्टर सर्किटचा न्यूट्रल वेगळा’ ही ओळ करारात असलीच पाहिजे. नंतर दुरुस्त करायची तर बोर्ड उघडून एकेक वायर शोधावी लागते, आणि तो खर्च मूळ बचतीच्या कितीतरी पट होतो.

पैसे टप्प्याने द्या: पाइप टाकल्यावर, वायर ओढल्यावर, बोर्ड बसल्यावर. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा. पुढे पडद्याचा रॉड ठोकताना तोच कामाला येतो. शेवटचा किमान दहा टक्क्यांचा हप्ता चाचणीपर्यंत हातात ठेवा.

चाचणी मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने), ५०० व्होल्टवर, एक मिनिट. एलईडी, पंख्यांचे रेग्युलेटर, टीव्ही, सगळं सुटं करून, नाहीतर तेच जळतात. फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी किमान १ मेगओहम यायला हवा, पण नव्या कोरड्या वायरिंगमध्ये तो त्याहून कितीतरी जास्त येतो. नव्या कामात दोन-चार मेगओहम आले तर नियमात बसलं म्हणून सोडू नका. कुठेतरी ओल आहे किंवा खिळा लागला आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो हे पाहा, पण बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही. ते वेगळ्या अर्थ टेस्टरने मोजायचं, आणि तो आकडा तारखेसह रिपोर्टवर लिहून घ्यायचा. रिपोर्टवरची सही परवान्यावरच्या नावाशी जुळली की मग शेवटचा हप्ता द्या.