ताण आला की हात खाण्याकडे जातो, तेव्हा काय करायचं

ताणापायी खाणं वाढलंय हे लक्षात आलं की बहुतेक जण बंदी घालून मोकळे होतात. गोड बंद, रात्री आठनंतर काही नाही. चार दिवस निभतात, पाचव्या दिवशी कामावर खटका उडतो आणि अख्खा पुडा संपतो. मग अपराधी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी बंदी आणखी कडक होते. हा मार्गच चुकीचा आहे. संध्याकाळच्या खाण्याची तयारी सकाळपासून होत असते, त्यामुळे दुरुस्तीही सकाळपासूनच करावी लागते.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. अचानक काही घडलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, पचन मंदावतं आणि भूक मरते. परीक्षेच्या तोंडावर घास उतरत नाही तो यामुळेच. ताण रेंगाळला की मात्र मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल सोडत राहतात आणि त्याने भूक वाढते, त्यातही गोड-तेलकटाची ओढ जास्त. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी कॉर्टिसोल सर्वांत वर असतं. म्हणून कित्येकांना भर मीटिंगमध्ये काही वाटत नाही, मीटिंग आटोपून जागेवर आल्यावर काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. गोड आणि स्निग्ध खाण्याने ही ताणाची यंत्रणा काही अंशी खरोखरच शांत होते, अशी मांडणी २००३ साली मेरी डालमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून केली. म्हणजे खावंसं वाटणं हा मनाचा दुबळेपणा नव्हे. स्वतःला कोसणं तेवढं आधी थांबवा, कारण तोही एक ताणच आहे.

आता याची दुसरी बाजू. २०१४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना मन बिघडवणारी चित्रफीत दाखवली. मग कुणाला आवडता दिलासा देणारा पदार्थ दिला, कुणाला दुसरं काही खायला दिलं, तर कुणाला काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांची मनःस्थिती जवळपास सारखीच सुधारली होती. काम वेळेने केलं होतं. आपण मात्र श्रेय चॉकलेटला देतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच वळतो. खालची सगळी खटपट हा थोडा वेळ मिळवण्यासाठी आहे.

पहिला आठवडा: फक्त नोंद

खाण्यात काहीही बदल करू नका. फोनमध्ये किंवा वहीत प्रत्येक खाण्यापुढे पाच गोष्टी लिहा: वेळ, काय आणि किती, भूक ० ते १० पैकी किती, मनात काय चाललं होतं, आणि २० मिनिटांनी कसं वाटलं. एक नोंद अशी दिसेल: ‘५:४०, सहा बिस्किटं, उभ्याने. भूक ३. साहेबांचा मेल वाचून धसका. नंतर: धसका तसाच, पोट जड.’

कॅलरी मोजू नका. आकडे आले की नोंदीची परीक्षा होते आणि माणूस खोटं लिहू लागतो. रात्री एकदम आठवून लिहिणंही कामाचं नाही, कारण तोवर ती भावना निघून गेलेली असते आणि उरतो फक्त पश्चात्ताप.

आठवड्याअखेरीस नोंदी वाचताना आधीचं जेवण किती वाजता झालं होतं ते पाहा. पुष्कळांच्या बाबतीत मोठ्या घसरणीआधी पाच-सहा तासांची पोकळी सापडते. दुसरं म्हणजे एखादी वेळ किंवा जागा पुन्हापुन्हा येते का? तिसरं, भावना नेमकी कोणती: भीती, राग, कंटाळा, एकटेपणा की नुसता थकवा? ‘टेन्शन होतं’ एवढ्यावर थांबू नका. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

पोट वेळेवर भरणं

खरी मेहनत इथे आहे, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. ताण आणि पोटाची भूक एकाच वेळी आली तर जिंकता येत नाही. जागेपणी दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. मुख्य जेवणात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं यावीत (एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात), सोबत भाज्या, कडधान्यं किंवा फळं. नोंदीत जी घातवेळ दिसली, तिच्या तासभर आधी ठरवून काहीतरी खा: मूठभर शेंगदाणे आणि एक फळ, किंवा वाटीभर दही. भूक नसेल तरी पहिले दोन आठवडे खा. ‘उगाच कशाला’ म्हणून हे खाणं टाळलं, तर त्याच्या तिप्पट नंतर जातं.

दिवसा कमी खाऊन रात्रीची भरपाई करणं सर्वांत महागात पडतं. कडक पथ्य पाळणाऱ्या माणसाच्या हातून एक नियम मोडला, की ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून तो पथ्य न पाळणाऱ्यापेक्षाही जास्त खातो, हे १९७० च्या दशकापासून प्रयोगांत दिसत आलं आहे. तेव्हा कुठलाही पदार्थ कायमचा बंद करू नका. तो टेबलावरून हलवून वरच्या फळीवर, अपारदर्शक डब्यात ठेवा आणि मोठ्या पुड्याऐवजी लहान आणा. उठून, डबा काढून, झाकण उघडायला लागणारं अर्धं मिनिट बऱ्याचदा पुरतं.

झोपेचंही बघा. दोन रात्री चारच तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, असं २००४ साली शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासात आढळलं. जागरणानंतरचा दिवस अवघड जाणार हे गृहीत धरा आणि त्या दिवशी स्वतःकडून कमी अपेक्षा ठेवा.

ओढ लागली की दहा मिनिटं

१. स्वयंपाकघरातून किंवा टेबलापासून उठा. खाणं नजरेसमोर असताना पुढचं काही जमत नाही.

२. भूक किती ते विचारा. ६ किंवा जास्त असेल तर दहा मिनिटांचा विचार सोडा आणि सरळ नीट जेवा.

३. त्याहून कमी असेल तर भावनेला नाव द्या आणि तिच्याजोगं काही करा. भीती किंवा धसका असेल तर चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे ३० श्वास; पाच मिनिटं होतात. राग असेल तर भरभर चाला, रागात शांत बसून श्वास मोजणं बहुतेकांना जमत नाही. एकटेपणा असेल तर फोन करा, मेसेज नको. थकवा असेल तर आडवं व्हा.

४. तरीही हवंच असेल तर खा. मात्र ताटलीत काढून, बसून, स्क्रीन बंद करून.

चौथी पायरी म्हणजे हार नव्हे. खायची परवानगी आहे हे माहीत असलं की दहा मिनिटं थांबणं सोपं जातं. पुडा हातात धरून, लॅपटॉपकडे पाहत खाताना बोटं पुड्याच्या तळाला लागेपर्यंत किती गेलं ते कळत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला २० एक मिनिटं लागतात, त्यामुळे ताटलीत आधी काढलेला भाग हाच तुमचा लगाम.

ऐन वेळी हे सुचत नाही, म्हणून आधीच एक वाक्य लिहून ठेवा: ‘सहा वाजता घरी येऊन बॅग ठेवली, की आधी खाली जाऊन दहा मिनिटं चालेन.’ वेळ, जागा आणि कृती तिन्ही हव्यात. ‘ताण आला तर योगा करेन’ हे चालत नाही: केव्हा, कुठे, किती ते त्यात नाही आणि तासाभराचा योगा थकल्या जिवाला डोंगर वाटतो. एका वेळी एकच वाक्य घ्या, ते अंगवळणी पडलं की दुसरं.

जास्त खाल्लं गेलं तर

पुढचं जेवण ठरल्या वेळी, नेहमीएवढंच घ्या. उपाशी राहू नका, शिक्षा म्हणून व्यायाम करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर चढू नका. मिठामुळे साठलेलं पाणी त्यात दिसतं आणि धीर खचतो. नोंदीत फक्त एवढं लिहा: आधीची पोकळी किती तासांची होती?

काही वेळा मात्र ही वही पुरत नाही. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, आणि हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होतंय, तर तो अतिभक्षणाचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खाऊन मुद्दाम उलटी करत असाल किंवा जुलाबाची औषधं घेत असाल तर तीन महिने थांबूच नका, या आठवड्यातच जा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि स्टेरॉइडसारखं एखादं औषध सुरू झाल्यापासून भूक खवळली असेल तर तेही त्यांना सांगा. मनाने औषध बंद करू नका.