खोटा फोटो आला, तर आधी चॅट पुसू नका

कापूस वेचणीच्या दिवसांत मायबाप वावरात आणि मोबाइल पोट्ट्यांच्या हातात, हे आपल्याकडे घरोघरी असतं. अशात गॅदरिंगचा साधा फोटो स्टेटसवरून उचलून कुणी एआयनं अश्लील केला आणि ‘पैसे टाक, नाही तर गावच्या ग्रुपवर टाकतो’ म्हणालं, की पोरगी घाबरून अख्खी चॅट पुसते. पुरावा तिथंच जातो.

आधी तिला जवळ घ्या. “तुयं काई चुकलं नाई, माय.” रागावायचं असेल तर नंतर, खरं म्हणजे नाहीच. मग धमकीचे मेसेज, नंबर, प्रोफाइल यांचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॉक करा. पैसा एकही नाही. दिला की मागणी वाढते. फोटो मात्र काका-मामालाही फॉरवर्ड करू नका. लहान मुलांचं असलं चित्र पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, पाठवणारा घरचा असला तरी.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. मुलांविषयीची तिथं नाव न सांगताही करता येते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. लेकराच्या मदतीला १०९८ हा नंबर. लेकरांचे असले फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणारी ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा फोटोचा फक्त डिजिटल ठसा घेते, फोटो फोनमध्येच राहतो.