मेक, दोन संगणक आणि साडेपाच तासांचा फरक

मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागलो तेव्हा कर्वेनगरच्या आमच्या घरात दोन संगणक होते. एक माझा लॅपटॉप आणि दुसरा वडिलांचा जुना डेस्कटॉप, ज्यावर ते विंडोजमध्ये हिशेब ठेवत आणि मी शेजारी लिनक्स टाकून घेतले होते. कोड लॅपटॉपवर लिहायचा, फाइली पाठवणाऱ्या आरसिंकने डेस्कटॉपवर पाठवायचा आणि एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, तिथे शिरून मेक चालवायचे, अशी माझी पद्धत होती. मेक म्हणजे कोड कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून, त्याचा प्रोग्राम बांधून घेणारे साधन. या पद्धतीत फाइलची परवानगी, नावातले लहान-मोठे अक्षर, ओळीच्या शेवटी विंडोजने सोडलेले जादा चिन्ह अशा अडचणी येतातच. पण एररचा संदेश शांतपणे वाचला की त्या तासाभरात सुटतात. ज्या अडचणीने माझे जवळजवळ तीन आठवडे घेतले आणि हा विषय आपल्याला जमणार नाही असे वाटायला लावले, ती वेगळी होती.

एका जुन्या फाइलमध्ये मी नवे फंक्शन लिहिले आणि नव्या फाइलमधून ते वापरले. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरने 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे हे फंक्शन सापडत नाही, असे सांगितले. डेस्कटॉपवरची फाइल उघडली तर फंक्शन डोळ्यांसमोर होते, नावात चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाइलमध्ये एक टिप्पणी वाढवून ती पुन्हा पाठवली, तर सगळे बिनतक्रार कंपाइल झाले. मात्र अर्ध्या तासाने केलेला पुढचा बदल पुन्हा लागू होईना.

इथे मेकचे काम नेमके समजून घेणे आवश्यक आहे. मेक फाइलच्या आत काय लिहिले आहे ते पाहत नाही. सोर्स फाइल, म्हणजे आपण लिहिलेला कोड, शेवटची केव्हा बदलली आणि कंपाइलरने तिच्यापासून बनवलेली ऑब्जेक्ट फाइल केव्हा तयार झाली, एवढ्या दोन वेळा ताडून पाहते. सोर्स नवी असेल तरच कंपाइलर चालतो. आरसिंकला ए हा पर्याय दिला की तो सोर्सवर लॅपटॉपची वेळ तशीच जपतो, तर ऑब्जेक्ट फाइलवर डेस्कटॉपच्या घड्याळाची वेळ पडते. माझा डेस्कटॉप साडेपाच तास पुढे होता. संध्याकाळी ६ वाजता बनलेल्या ऑब्जेक्टवर रात्री ११:३० ही वेळ असे, त्यामुळे त्याआधी केलेला प्रत्येक बदल मेकला जुना वाटे. नव्या फाइलची ऑब्जेक्ट अजून बनलेलीच नसल्याने ती मात्र कंपाइल होई आणि जुन्या ऑब्जेक्टमध्ये नसलेले फंक्शन शोधत राही.

डेस्कटॉपचे घड्याळ मागे असते तर मेकने 'क्लॉक स्क्यू', म्हणजे घड्याळात तफावत, म्हणून इशारा दिला असता. पुढे असलेले घड्याळ काहीच बोलत नाही, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे.

या काळात एका अनुभवी ओळखीच्याने मला कंपाइलर पुन्हा टाकायला सांगितले, तो मी दोनदा टाकला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तपकीर गल्लीतून नवी नेटवर्क केबलही आणली. लक्षण न विचारता उपाय सांगणाऱ्या मार्गदर्शकापासून नवख्याने दूर राहावे, असे माझे ठाम मत आहे. पण तुम्ही अशाच जागी अडकला असाल तर स्वतःला दोष देऊ नका. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिले, त्यामागेही असाच प्रसंग होता: चूक आधीच दुरुस्त केलेली होती, पण फाइल पुन्हा कंपाइल न झाल्याने एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली होती.

फरक बरोबर साडेपाच तासांचा का, याचे उत्तर भारतीय प्रमाणवेळेत आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून तीत ५ तास ३० मिनिटे मिळवते. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा ही चूक एरवी लगेच सुधारते, परंतु संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून लिनक्स बसवून देणाऱ्याने ती बंद ठेवली होती. असले शॉर्टकट मी आता कोणाकडूनही स्वीकारत नाही.

तपासणी सोपी आहे. दोन्ही संगणकांवर डेट ही आज्ञा अधिक चिन्ह, टक्का आणि लहान एस लावून चालवा. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मिळतात. दोन आकड्यांतला फरक १९,८०० च्या आसपास आला तर कारण हेच आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' ही नोंद १ करा आणि लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणे, सुरू करा. त्यानंतर बनलेल्या ऑब्जेक्ट फाइली पुसणारे मेक क्लीन चालवायला विसरू नका, कारण घड्याळ सुधारले तरी जुन्या ऑब्जेक्ट फाइलींवरची भविष्यातली वेळ तशीच राहते. या एका विसरण्यात माझे आणखी दोन दिवस गेले. दरवेळी आधी क्लीन करण्याची सवय मात्र लावून घेऊ नका, तिने कारण झाकले जाते.

वडील महिनाअखेरीस हिशेबासाठी विंडोज उघडतात, त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी मी अजूनही दोन्हीकडचे सेकंद ताडून पाहतो.