उखडलेल्या नॅरोगेज मार्गाचा इतिहास कसा जुळवावा

सुरुवात तक्त्याने करा, लेख नंतर. मार्गाच्या प्रत्येक टप्प्याला एक ओळ द्या आणि रकाने असे आखा: कुठून कुठे, लांबी (मूळ कागदात मैल असतील तर मैलच), गेज (दोन रुळांमधले अंतर), मंजुरी, मालगाडी सुरू, प्रवासी गाडी सुरू, मालक, चालवणारी रेल्वे, सरकारकडे हस्तांतर, शेवटची गाडी, रूळ काढले. बहुतेक गोंधळ या रकान्यांची सरमिसळ झाल्याने होतो. एका कागदात मंजुरीचे साल असते, दुसऱ्यात मालवाहतुकीचे, आणि गावातल्या फलकावर यांपैकी कोणते तरी एक 'स्थापना' म्हणून रंगवलेले असते.

बार्शी लाइट रेल्वेचेच बघा. कंपनी लंडनमध्ये नोंदली गेली १८९५ मध्ये. कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली १८९७ मध्ये, पंढरपूरला ती पोचली १९०६ मध्ये, लातूरला १९११ मध्ये आणि मिरजेला थेट १९२७ मध्ये. पंढरपूर–मिरज टप्प्यावरच्या सांगोल्याच्या स्थानकाचा इतिहास लिहिताना १८९७ हे साल टाकले तर तीस वर्षांची चूक होते. सरकारने ही रेल्वे विकत घेतली १ जानेवारी १९५४ रोजी. ब्रॉडगेजही पुढे तुकड्यातुकड्यांनीच आले, म्हणून 'बंद झाली' हा रकानाही टप्प्यागणिक वेगळा भरावा लागतो.

मालक आणि चालक हे दोन रकाने वेगळे का, ते विदर्भातल्या 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीच्या मार्गावर कळते. मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किमी), मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किमी) आणि पुलगाव–आर्वी (३५ किमी) हे मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. तिची मॅनेजिंग एजन्सी, म्हणजे कारभार, मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनीकडे, आणि गाड्या चालवायची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), नंतर मध्य रेल्वे. डब्यावर, तिकिटावर आणि करारावर तीन वेगवेगळी नावे दिसतात ती यामुळे. 'ब्रिटिशांची खासगी रेल्वे' एवढ्या तीन शब्दांत हे उरकणारे लेख ढिगाने सापडतील. त्यांतले एकही वाक्य मूळ करार पाहिल्याशिवाय उचलू नका.

कागद कुठे शोधायचे हे त्या काळी तो मुलूख कोणाकडे होता यावर ठरते. बार्शी तालुका मुंबई इलाख्यात होता, तेव्हा मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जावे. लातूर मात्र निजामाच्या राज्यात. तिकडची मंजुरी आणि भूसंपादन हैदराबादच्या अभिलेखागारात शोधावे. मिरजेकडच्या भागात संस्थानी मुलूख लागतो. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, त्यामुळे त्या सालानंतरचे कागद नागपूरला आणि आधीचे हैदराबाद रेसिडेन्सीच्या (तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या) दप्तरात असण्याची शक्यता धरून चालावे. रेल्वे खात्याचा केंद्रीय पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर चाळता येते. शोधताना जुनी नावे टाका: कुर्डुवाडीसाठी बार्शी रोड, अचलपूरसाठी एलिचपूर, दौंडसाठी धोंड. आजच्या नावाने शोधले की काहीच सापडत नाही आणि कागदच नाहीत असा भलता निष्कर्ष निघतो.

स्थानिक पातळीवर सर्वांत खात्रीचा पुरावा जमिनीचा असतो, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा मागा. रेल्वेची पट्टी त्यावर सर्व्हे नंबर कापत गेलेली स्पष्ट दिसते. मग ज्या नंबरांतून ती जाते त्यांचे जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्र बदलल्याची नोंद) काढा. संपादनाचे साल आणि क्षेत्र तिथे मिळते. हे साल गाडी सुरू होण्याच्या आधीचेच असायला हवे. नंतरचे निघाले तर ती जमीन यार्डवाढीसाठी किंवा वळण सैल करण्यासाठी घेतली असावी, आणि तेही इतिहासात नोंदवण्याजोगेच आहे.

रेल्वेकडून माहिती अधिकारात कागद मिळतात, पण 'या मार्गाचा संपूर्ण इतिहास द्यावा' असा अर्ज केला तर एका ओळीचे उत्तर येते. कागदाचे नाव लिहा: अमुक ते अमुक विभागाचे ब्रिज रजिस्टर, अमुक स्थानकाचा यार्ड प्लॅन, अमुक सालचे वर्किंग टाइम टेबल. ब्रिज रजिस्टरमध्ये प्रत्येक मोरीचे बांधकाम वर्ष आणि गाळा (दोन आधारांमधले अंतर) असतो. वर्किंग टाइम टेबल हे प्रवाशांच्या वेळापत्रकाहून वेगळे. त्यात वेगमर्यादा, चढ आणि इंजिनाला पाणी मिळण्याची ठिकाणे सापडतात. अर्ज त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रती २ रुपये पान. फाइल मोठी असेल तर प्रतींऐवजी पाहणी मागा, पहिला तास मोफत असतो.

प्रत्यक्ष जागेवर जाण्याआधी उपग्रह छायाचित्रात जुना भराव हेरून ठेवा. शेतांचे बांध सरळ असताना त्यांना तिरकी छेदणारी लांब, मंद वळणाची रेघ म्हणजे बहुधा तोच. ब्रॉडगेज करताना तीव्र वळणे सैल केली जातात, त्यामुळे जुना भराव नव्या रुळांपासून काही अंतरावर सुटा पडलेला आढळतो. चालू रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, तेव्हा त्या बाजूने लेखी परवानगी आधी.

रूळ शिल्लक असतील तर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. अडीच फुटी गेज म्हणजे ७६२ मिमी. माथेरानचे दोन फुटी म्हणजे ६१० मिमी. रुळाच्या उभ्या भागावर कारखान्याचे नाव, साल आणि वजन उठवलेले असते. तारेच्या ब्रशने गंज काढा, खडू आडवा घासा, तिरप्या उन्हात फोटो घ्या. मात्र ते साल रुळाचे, मार्गाचे नव्हे: मोठ्या मार्गावरचे जुने रूळ छोट्या मार्गावर आणून टाकण्याची पद्धत सर्रास होती. सगळे रूळ गेले असतील तर स्थानकात किंवा शाळेत घंटा म्हणून टांगलेला तुकडा शोधा आणि वजन करा. ३० पौंडी (म्हणजे गजाला ३० पौंड) रूळ फुटाला साधारण ४.५ किलो भरतो, ५० पौंडी साडेसात. झीज आणि गंजामुळे वजन थोडे कमीच येते.

या वजनाला महत्त्व का? बार्शी लाइटचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ३० पौंडी रूळ धरून इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक वाहनाचा आसभार (चाकांच्या एका आसावर येणारे वजन) ५ टनांवर बांधला. म्हणूनच किटसन या कारखान्याची पहिली इंजिने एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची होती: ताकद हवी, पण एका आसावर भार नको. तेव्हा या मार्गावर जड रूळ सापडला तर तो नंतर बदललेला, आणि बहुधा जड इंजिनांसाठी.

वळणाची त्रिज्या काढायला २० मीटरची दोरी रुळाच्या कडेला ताणून धरा आणि मध्यावर दोरी व रूळ यांतले अंतर मोजा. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराच्या आठपट, सगळे मीटरमध्ये. अंतर २५ सेंमी आले तर त्रिज्या २०० मीटर. नुसता भराव उरला असेल तर वीस मीटरला चूक फार येते. छायाचित्रावर १०० मीटरची रेघ घ्या.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्या, पण वय पाहून क्रम ठरवा. स्टेशन मास्तरांइतकेच मुकादम, कीमन (रोज रूळ तपासणारा), गेटमन आणि पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) यांना विचारा. 'कधी' असे न विचारता '७२ च्या दुष्काळाआधी की नंतर', 'किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी गाडी चालू होती का' असे विचारावे. गाडी कोणत्या चढावर अडायची, वाळू कुठे टाकायचे, कोणत्या महिन्यात कापसाचे किंवा गुळाचे डबे जास्त लागायचे, आषाढीला किती जादा गाड्या सुटायच्या? अशा प्रश्नांची उत्तरे कागदात नसतात आणि बऱ्याचदा अचूक असतात. ऐकीव तारीख आणि कागदावरची तारीख जुळली नाही तर दोन्ही तक्त्यात ठेवा, शेजारी कोणी सांगितले किंवा कुठल्या कागदात आहे ते लिहा, आणि लेखात कागदाची घ्या.