दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

सपाट नकाशावर लंडन ते न्यूयॉर्क पट्टी धरून रेघ मारली, तर ती भर अटलांटिकमधून जाते. विमान मात्र आयर्लंडवरून निघून न्यूफाउंडलंडच्या बाजूने खाली येतं. हा वळसा नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, तो असाच बसेल. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात आणि अंतर तिच्यावरच मोजायचं.

१. अक्षांश-रेखांश शहरांचे नकोत, विमानतळांचे घ्या. लंडनचा हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. न्यूयॉर्कचा केनेडी: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दक्षिण अक्षांशाला उणे चिन्ह लावा.

२. रेखांशांतला फरक काढा. इथे तो ७३.३२. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज करा. ती १८०च्या वर गेली तर ३६०मधून वजा करा.

३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५०९५. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार: ०.१३५७. बेरीज ०.६४५२. याचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ४९.८ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५,५४० किलोमीटर. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे का ते आधी पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

४. आता वेळ. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. पण नुसता भागाकार पुरत नाही, कारण सगळा फरक वारा पाडतो. सुमारे दहा किलोमीटर उंचीवरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर लंडनकडे येताना जमिनीवरचा वेग १,००० आणि जाताना ८०० होतो. म्हणजे येताना साधारण साडेपाच तास, जाताना जवळपास सात. त्यात चढण-उतरण आणि जमिनीवरची धाव यांचा एक तास मिळवा. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणून हा तास विसरून चालणार नाही.

५. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ला निघालेलं विमान लंडनला सकाळी ७ला पोचलं, तर प्रवास बारा तासांचा नसून सातच तासांचा. घड्याळात पाच तासांचा फरक आहे. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर हाच फरक चार तासांवर येतो, कारण दोन्ही देश घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत.

हवाई हद्द बंद असेल तर मात्र हे गणित कोलमडतं. रशियावरून जाता येत नसल्याने २०२२पासून हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे १३ तासांवर गेला. अशा मार्गांसाठी त्याच विमानसेवेचं चालू वेळापत्रक पाहा.