उन्हात मोबाइल दिसत नाही? या चुका टाळा

खरिपाची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात जाऊन मोबाइल ॲपवर पिकाची सरकारी नोंद करणं, सुरू झाली की आमच्या गल्लीतली निम्मी माणसं मला बांधावर ओढून नेतात. तक्रार एकच: "स्क्रीनच दिसत नाही रे!"

पहिली चूक ब्राइटनेसची. 'ऑटो ब्राइटनेस (उजेड आपोआप कमी-जास्त करणारं सेटिंग) बॅटरी खातं' असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ते बंद करून पट्टी हाताने शेवटपर्यंत ओढतात. बऱ्याच फोनांत पट्टीचं टोक म्हणजे पूर्ण उजेड नव्हे. कडक उन्हासाठी राखलेला जादा उजेड ऑटो चालू असेल तरच मिळतो. बाहेरचा उजेड मोजणारा सेन्सर बहुधा वरच्या कडेला, कानाच्या स्पीकरजवळ असतो, आणि सावली करायला लोक नेमका तिथेच तळहात धरतात. फोनला वाटतं दिवस मावळला. मी उन्हाकडे पाठ करून फोन अंगाच्या सावलीत धरतो, वरची कड मोकळी ठेवतो. पांढरा सदरा काचेत उमटतो, त्या दिवशी गडद शर्ट बरा.

डार्क मोड उन्हात बंद. काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड दिसतं. बॅटरी सेव्हरही बंद, तो उजेड कापतो.

आता माझी आवडती चूक: तापलेला फोन. गेल्या भाद्रपदात आमच्या नानांनी फोन मोटरसायकलच्या हँडलला लावून, चार्जिंग चालू ठेवून, भर दुपारी शेत गाठलं. ऑटो चालू, तरी पडदा विझल्यासारखा. फोन तापला की स्वतःला वाचवायला आधी उजेड उतरवतो, तिथे सेटिंग काही करत नाही. मी म्हटलं, "नाना, दहा मिनिटं बाभळीखाली बसू." नानांना कुठला दम! डोळे बारीक करून अंदाजाने बोट लावलं आणि सोयाबीनऐवजी तूर नोंदवली. संध्याकाळी ओसरीवर चहा पिताना लक्षात आलं. नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करता येते म्हणून निभावलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात खेप.

तेव्हापासून माझा नेम: जाताना फोन कापडी पिशवीत, भाकरीच्या फडक्यात. तापलाच तर कव्हर काढायचं, चार्जर आणि हॉटस्पॉट बंद, सावलीत वाऱ्याला ठेवायचा. फ्रिजमध्ये किंवा गार पाण्याच्या बाटलीला टेकवून नाही. आत दव धरलं तर फोनच जाईल. असले झटपट उपाय व्हिडिओत बघून येणाऱ्यांना मी हात जोडतो.

नानांचा पुण्याचा पुतण्या मात्र वेगळाच. पडदा काळा ठिक्कर पडला म्हणून त्याने दोनदा फोन बंद-चालू केला, दुकानात न्यायलाही निघाला. डोळ्यांवर पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेचा उजेड आत सोडणारा, गॉगल होता. फोन आडवा केला, लख्ख दिसला.